माहेरवाशिणींचा मुक्काम

“हे कालवण आहे की हात धुवायचं पाणी?” नणंद न्वान्यीबुइफेने वाडगा परत सरकवला.

उगोयेची थोरली मुलगी तो उचलून चुलीकडे गेली. जमिनीवर बसलेल्या उगोयेने डोळे मिटून घेतले. नवऱ्याला पुरून अकरा दिवस झाले होते. रीतीप्रमाणे तिचं डोकं भादरलं होतं, अंगावर एकच काळा झगा होता. ते सगळं तिने सोसलं. पण या सात नणंदा सोसवेनात.

घराण्याच्या माहेरवाशिणींनी दुखवट्याला चार दिवस राहायचं, अशी रीत. पाचव्या दिवशी उगोयेने त्यांची बोचकी ओसरीवर काढून ठेवली. न्वान्यीबुइफे सगळ्यांत थोरली. तिने ती उचलून पुन्हा आत नेली. तेव्हापासून रोज तेच. कोनफळ नीट कुटलं नाही. सुका मासा शिजला नाही. विधवेने एवढ्या मोठ्याने शिंकू नये. गावातला कुणी पुरुष विचारपूस करायला आला, तर सातही जणी दारात स्टुलं टाकून बसायच्या आणि त्याला बाहेरच्या बाहेर वाटेला लावायच्या.

त्या दुपारी उगोयेचा धीर सुटला. मागच्या भिंतीपलीकडे धाकटा दीर राहायचा. तिने त्याला हळूच हाक मारली.

“ओक्वुची भाऊजी, तुमच्या बहिणींना जायला सांगा हो. मला वेड लागायची पाळी आलीय.”

“एवढंच ना, वहिनी? उद्या सकाळीच काढतो त्यांना.” तो इतक्या मायेने बोलला की तिला रडू आलं.

सकाळी तो आला. सोबत दोन गडी होते. त्यांच्या खांद्यांवर जमिनीच्या हद्दीला रोवायचे सिमेंटचे खांब होते आणि प्रत्येक खांबावर लाल रंगाने ओक्वुचीचं नाव लिहिलेलं होतं.

स्टुलांवरून कुणी उठलं नाही.

“सरका,” तो म्हणाला. “दादाला मुलगा नाही. घर आता माझं. ही रीत आहे.”

“ही पण रीतच आहे,” न्वान्यीबुइफे म्हणाली. “माहेरवाशिणी दुखवट्याला बसल्या असताना त्यांना ओलांडून कुणी पुरुष आत जात नाही. अरे, बारा दिवस आम्ही काय कालवणाच्या गोडीने बसलोय? दादाला पुरायच्या आधीच तू खांबांची ऑर्डर दिलीस, कळलं होतं आम्हाला.”

“तुम्हाला घालवायला वहिनीनेच सांगितलंय. विचारा तिला!”

सात माना वळल्या. न्वान्यीबुइफेचा चेहरा पहिल्यांदाच म्हातारा दिसला.

“खरं का गं?”

उगोये जमिनीवरून उठली. दाराच्या चौकटीला धरून ती नणंदांच्या मागे येऊन उभी राहिली. तिच्या तिन्ही मुली तिला बिलगल्या होत्या.

“या घरच्या लेकी आहेत त्या,” ती म्हणाली. “लेकींना त्यांच्या बापाच्या घरातून काढणारे तुम्ही कोण, भाऊजी?”