धाकूमामांचं गाऱ्हाणं

मुलुंडच्या आमच्या चौकात ‘थांबा’ अशी पाटी लागली, तरी थांबायचं कोणीच नाही. ट्रकवाल्यांना वाचता येत नव्हतं आणि स्कूटरवाल्यांना वाचायचं नव्हतं. शेजारच्या जानकीची मुलगी नलू रोज तिथूनच रस्ता ओलांडून शाळेला जाई. शेवटी चाळीतल्या धाकूमामांनी आपल्या कोकणातल्या गावच्या रिवाजाने पाटीखाली नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, “आमच्या नलूक हाताक धरून पल्याड ने रे महाराजा!”

“होय महाराजा!” आम्ही हसत हसत ओरडलो.

दुसऱ्या दिवशी नलूने रस्त्यात पाऊल टाकलं आणि सगळ्या गाड्या थांबल्या. ट्रकसुद्धा.

“झकास काम केलंत, मामा!” मी म्हणालो.

मामा नलूकडे टक लावून बघत होते. नलूचा उजवा हात वर उचललेला होता, मोठ्या माणसाचं बोट धरल्यासारखा.

पलीकडे शाळेचं फाटक आलं, पण नलू आत वळली नाही.

“नलू, अगं शाळा मागे राहिली!” जानकी अलीकडून ओरडली.

नलूने वळून पाहिलं. ती हाताला हिसके देत होती आणि पावलं पुढेच पडत होती.

“मामा, सोडायला सांगा ना!” जानकी मामांकडे वळली.

“गाऱ्हाण्यात सोडूक सांगूचाच रवला गो,” मामा पुटपुटले.

जानकी रस्त्यात धावली. तिच्यासाठी एकही गाडी थांबेना.