डावा गुडघा

बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात कोचने कप्तानला बाजूला घेतलं. "समोरची ती उंच पोरगी आणि तू एका खोलीत राहायच्यात ना? दुखणं काय तिचं?"

कप्तान जरा घुटमळली. मग म्हणाली, "डावा गुडघा."

शिट्टी वाजल्यापासून पोरींनी त्या उंच पोरीला डावीकडेच वळायला लावलं. शेवटी ती कोसळली आणि सामना खिशात आला.

"शाब्बास गं माझे वाघिणी!" कोच पाठ थोपटत म्हणाले. कप्तानला त्या हाताची शिसारी आली. एका खोलीत असताना मैत्रिणीच्या त्या गुडघ्याला ती स्वतः रोज पट्टी बांधायची.

ती तशीच मैत्रिणीकडे धावली. गुडघ्यावर बर्फ होता. मैदानावरच्या डॉक्टरांनी तपासून खेळ कायमचा बंद म्हणून सांगितलं होतं.

"मीच सांगितलं गं त्यांना," कप्तान रडत म्हणाली.

"रडतेस काय, वेडाबाई? तुझा उजवा खांदा मी कालच सांगितला होता आमच्या सरांना. आमच्याच पोरी मठ्ठ निघाल्या!" मैत्रीण खदखदून हसली.

कप्तानला तिची किळस आली. त्याहून जास्त आली ती स्वतःच्या हाताची. मैत्रिणीचा हात धरायचा सोडून तो स्वतःचाच उजवा खांदा चाचपत होता, आणि खांदा शाबूत होता म्हणून तिला हायसं वाटत होतं.