डाग तुमच्या घरून आलाय

"मग? कितवा आला आपला घोडा?" मास्तरांनी कपड्यांचं गाठोडं काउंटरवर ठेवत विचारलं.

मावशी गाठोडं सोडून शर्ट उलटेपालटे करत राहिली. मागे इस्त्रीच्या टेबलाशी तिचा बत्तीस वर्षांचा लेक पाठ करून उभा होता.

"पोटरीत गोळा आला," तो भिंतीला सांगितल्यासारखा म्हणाला. "एकतिसाव्या किलोमीटरला बसलो."

मास्तर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. मावशीला दोन शब्द सुनावता तरी आले असते. त्यांनी नुसतं "असू दे, असू दे" म्हटलं, आणि ते तिला चपराकीसारखं लागलं. मग त्यांनी एका शर्टाची कॉलर पुढे केली. "हे पिवळं काय झालंय बघा. मागच्या वेळी इथूनच नेला होता."

"डाग तुमच्या घरून आलाय," मावशी म्हणाली. चाळीस वर्षं लाँड्री चालवली तिने, आणि चाळीस वर्षं प्रत्येक डागाला हेच उत्तर दिलं. मास्तर शर्ट गाठोड्यावर टाकून निघून गेले.

चूक तिचीच होती, तोंडाची. तीन महिने गिऱ्हाइकांना ऐकवत होती, "बेचाळीस किलोमीटर पळणार आमचा. तुमच्याला आधी जिना चढून दाखवायला सांगा!" कापडी बनियन शिवून आणला, छातीवर दुकानाचं नाव छापून घेतलं. दुकानाचं नाव म्हणजे तिचंच. फोटोत नाव नीट दिसायला हवं, म्हणून आदल्या दिवशी तिने स्वतः त्याला दुप्पट खळ घातली. पाऊस पडला तरी मोडायची नाही अशी तिची खळ. इस्त्री करून ठेवला तर बनियन टेबलावर आपला आपण उभा राहिला. लेक हसला होता. "आई, हा एकटाच पळून येईल."

आणि काल ती ठेवणीतली साडी नेसून शेवटच्या कमानीशी सहा तास उभी. शेजारपाजार सोबत. म्हातारे आले, पोटं सुटलेले आले, एक बाई तर गुडघ्याला पट्टा बांधून आली. हा आला गाडीतून, दमलेल्यांना गोळा करून आणतात त्या, अंगाला टॉवेल गुंडाळून. मावशीने तिकडे पाहिलंच नाही. घरी आल्यावर मात्र म्हणाली, "बापावर गेलास. तोही सगळं अर्ध्यावर टाकायचा."

आज लेकाने बापाचा जुना ढगळा सदरा घातला होता, आणि इस्त्री फिरवताना दोन्ही कोपरं अंगापासून लांब धरली होती, कोंबड्याने पंख पसरावेत तशी.

"कोपरं कसली फुगवतोस? रुबाब काल दाखवायचा होता," ती म्हणाली. "आणि बनियन कुठंय? धुवायला टाक."

"हरवला."

तिच्या दुकानातून कधी रुमाल हरवला नव्हता. दुपारी तो कपडे पोचवायला गेला तशी ती शोधायला लागली. बनियन चिंध्यांच्या खोक्यात मिळाला, अगदी तळाशी.

मावशीला अक्षरं जेमतेम लागत, पण कपडा वाचता येई. ताटात कुणी काय वाढलं, कुठे कोण बसलं, कोण कुणाच्या खांद्यावर रडलं, सगळं तिला कापड सांगायचं. तिने बनियन उजेडात धरला. मिठाची पांढरी रेघ पार खालच्या काठापर्यंत उतरली होती. अर्ध्यावर सोडणाऱ्याचा घाम इतका खाली येत नाही. मग छातीवर, तिच्या नावाच्या दोन टोकांना, दोन तपकिरी डाग. दोन्ही काखांत आणखी मोठे. आधी तिला गंज वाटला. तिने वास घेतला.

रक्त होतं.

तिने काखेच्या काठावरून अंगठा फिरवला. घाम पिऊन, उन्हात वाळून तो काठ करवतीसारखा झाला होता. अशी खळ गावात दुसऱ्या कुणाची बसत नाही, हे तीच सगळ्यांना सांगायची.

दारात लेक उभा होता. केव्हा आला, तिला कळलं नाही.

"काढून फेकायचास की रे," ती म्हणाली. "उघडा पळाला असतास."

"तुझं नाव होतं त्याच्यावर," तो म्हणाला, आणि जाऊन इस्त्रीशी उभा राहिला.

मावशी बनियन घेऊन बादलीशी बसली. बादली भरलेली होती, साबण हाताशी होता. थंड पाण्यात घातला असता तर घटकाभरात डागाचा मागमूस राहिला नसता. हे काम तिच्याइतकं कुणाला येत होतं? ती उठली. समोरच्या दांडीवरचे, गिऱ्हाइकांना दिसावेत म्हणून टांगलेले पांढरेशुभ्र शर्ट तिने बाजूला सारले, आणि मध्ये बनियन टांगला. तसाच. नाव रस्त्याकडे.

संध्याकाळी मास्तर आले. दांडीकडे बघून थबकले.

"काय मावशी, तुमच्या दुकानात डाग?" सकाळचं उट्टं काढायची संधी त्यांनी सोडली नाही. "आमच्या घरून आला वाटतं?"

मागे इस्त्री थांबली. "मास्तर, माझ्या पोटरीत गोळा—"

"तू गप." मावशीने पदर सावरला आणि मास्तरांच्या डोळ्याला डोळा दिला. "नाही मास्तर. खळ मी घातली होती. हा डाग इथला आहे."