आठची गोळी

“आठ वाजले गो! गोळी घेतलीस?”

गुणाजी तावडे स्वतःची गोळी तळहातावर धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. नलिनीबाई चपात्या लाटत होत्या.

“घेते हो. हात पिठाचे आहेत.”

“आधी गोळी, मग चपाती. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?”

“त्या तुम्हाला म्हणाल्या होत्या,” नलिनीबाई पुटपुटल्या. पण हात धुऊन त्यांनी फळीवरची स्टीलची डबी उघडली आणि केशरी गोळी तोंडात टाकली. गुणाजींनी आपली गोळी पाण्याबरोबर घेतली आणि कॅलेंडरवर दोन फुल्या मारल्या. एक स्वतःची, एक बायकोची.

दहिसरच्या त्या दोन खोल्यांत गेलं दीड वर्ष हे असंच चाललं होतं. त्याआधी गुणाजी म्हणजे गोळ्यांचे वैरी.

निवृत्तीनंतर त्यांना पहिल्यांदा फिट आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ अशी गोळी लिहून दिली होती. सहा महिने त्यांनी ती घेतली. फिट काही आली नाही, पण अंगात सुस्ती भरायची. पखवाजावर बोटं जड पडायची. आणि गुणाजींचा सगळा जीव त्या पखवाजात. जयवंतबुवांचं भजन म्हटलं की पखवाजाला तावडेच, असं वीस वर्षांचं गणित.

‘फिट येतच नाही तर गोळी कशाला?’ असं मनाशी म्हणून त्यांनी कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या.

चौथ्या दिवशी, गजर टिपेला पोचलेला असताना, ते पखवाजावरच आडवे झाले. कुणी चप्पल हुंगवायला धावला, कुणी दातात चमचा घालायला. नलिनीबाईंनी दोघांनाही हाकललं, नवऱ्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली शाल सारली आणि घड्याळाकडे बघत बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फैलावर घेतलं. “काका, फिट येत नव्हती ती गोळीमुळेच. सुस्ती येते तर मला सांगायचं ना! अशी एकदम बंद करायची नाही. आणि विसरलात म्हणून पुढच्या वेळी दोन एकदमही घ्यायच्या नाहीत.” मग त्यांनी औषधाची मात्रा हळूहळू बदलली आणि सुस्ती उतरली.

बुवांनीही सांगून टाकलं, “गुणाजी, वर्षभर फिट नाय आली की पखवाज तुझाच. तोवर टाळ वाजव.”

टाळ! गुणाजी रुसले ते रुसलेच. रोज आठ वाजता काहीतरी कुरबुर. मग घेतो, नंतर घेतो, चहा होऊ दे.

अशातच एक दिवस नलिनीबाई बाजारातून आल्या आणि पिशवी ठेवता ठेवता म्हणाल्या, “मला प्रेशर निघालंय. मलाही सकाळ-संध्याकाळ गोळी. मी ही अशी विसरभोळी, तुम्हीच आठवण करा. आणि दोघांनी बरोबरच घ्यायची. तुम्ही नाही तर मीही नाही.”

गुणाजी त्यांच्याकडे बघत राहिले. पण त्या संध्याकाळपासून आठच्या ठोक्याला त्यांचीच हाक पहिली येऊ लागली.

माणूस पार बदलला. मेडिकलवाल्याने एकदा दुसऱ्याच कंपनीची पट्टी पुढे केली, तर डॉक्टरीणबाईंना फोन केल्याशिवाय हे दुकानातून हलेनात. गावाला निघताना एक पट्टी खिशात, एक बॅगेत. नलिनीबाईंची डबी भरलेली आहे ना, तेही हलवून बघायचे.

“गोळीवर पाणी घे ना,” एकदा ते म्हणाले.

“माझी चघळायची आहे,” नलिनीबाई गालातली गोळी सांभाळत म्हणाल्या.

“असं होय,” म्हणून गुणाजींनी फुली मारली.

वर्ष सरलं, वर सहा महिने गेले, आणि बुवांचा फोन आला. वाकोल्याला डबलबारी होती, म्हणजे दोन भजनी मंडळांचा समोरासमोर सामना. “पखवाज घेऊन ये रे,” बुवा म्हणाले. गुणाजींनी फोन ठेवला आणि पखवाजावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली. धूळ नव्हतीच, तरी.

त्या संध्याकाळी मंडप खच्चून भरला होता. बारी सव्वाआठला. पावणेआठला स्टेजमागे गुणाजींनी खिशातून पट्टी काढली. नलिनीबाईंनी पर्स उघडली, चाचपली, उलटी केली. डबी दहिसरला फळीवरच राहिली होती.

“तुम्ही घ्या हो,” त्या घाईघाईने म्हणाल्या. “माझी एक दिवस राहिली तर काही होत नाही.”

“काही होत नाही? हेच म्हणून मी पखवाजावर पडलो होतो.”

“माझी वेगळी आहे!”

“तुम्ही नाही तर मीही नाही, हे कोण म्हणालं होतं?”

नलिनीबाईंचा चेहरा एवढासा झाला. आठ वाजायला आले होते आणि हा हट्टी माणूस पट्टी मुठीत धरून उभा. दीड वर्षाची मेहनत आज वाकोल्यात पाण्यात जाणार असं त्यांना वाटलं.

“थांब इथेच,” गुणाजी म्हणाले आणि चपला सरकवून मंडपाबाहेर पडले.

नलिनीबाई दारापर्यंत मागे गेल्या. समोरच मेडिकल होतं, दिवे लखलखत होते. गुणाजी त्याच्यासमोरून सरळ पुढे गेले.

“अहो, मेडिकल मागे राहिलं!” त्या ओरडल्या. गर्दीत ऐकू जाईना.

आठला दोन मिनिटं कमी असताना ते धापा टाकत परतले. आधी स्वतःची गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायले. मग कागदाची एक पुडी नलिनीबाईंच्या हातावर ठेवली.

“संत्र्याच्या संपल्या होत्या गो,” ते म्हणाले. “आजच्या दिवस तुझ्या प्रेशरला पेपरमिंट चालेल ना?”