असोला नारळ

लढाऊ विमानाच्या नव्या इंजिनाची गुप्त चाचणी तारापूरजवळच्या किनाऱ्यावर झाली आणि तेलकट धूर वाऱ्यानं कोळीवाड्यावर नेला. इंजिनावर काम करणारा कमलाकांत हात पुसत शेडबाहेर आला, तर कोळीण येसूबाईचे वाळत घातलेले बोंबील काजळीनं काळे पडलेले. "नारली पुनवेला मी तापानं पडलेली, दर्याला नारल दिला नाय. त्याचाच कोप हाय ह्यो," ती म्हणाली. "माजा लेक होडीवर हाय, सायेब. माज्या हातचा नारल दर्या घेनार नाय. तुमीच द्या." काजळी इंजिनाची आहे हे सांगायला कमलाकांतनं तोंड उघडलं, पण चाचणी गुप्त होती. तिनं हळदकुंकू लावलेला असोला नारळ त्यानं लाटेत सोडला. पुढच्याच लाटेनं तो त्याच्या पायाशी आणून टाकला. "नाय घेतला," येसूबाई वाळूत बसली. "माजं पाप मोटं हाय." त्यानं नारळ उचलला. हळदकुंकू धुऊन गेलं होतं. त्याच्या बोटांचे तेलकट ठसे तसेच होते.