लंगडं अस्वल

"इथंच सोलू," पंजाबराव म्हणाले. "ऊन चढलं की कातडं खराब होते."

अस्वल नाल्याच्या काठावर आडवं पडलं होतं. छातीवरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या बरोबर मधोमध गोळी बसली होती. अस्वलाचे केस भारी फसवे. बाहेरून दिसतं त्याच्या निम्मंच अंग आत असतं. नुसत्या काळ्या ढिगावर गोळी घातली तर ती केसांतून निघून जाते, नाहीतर ढुंगणात बसते, आणि मग ते जनावर माणसाला फाडतं. म्हणून थांबायचं असतं. ते उभं राहून छाती दाखवीपर्यंत दम धरायचा असतो. आज पंजाबरावांनी दम धरला होता.

माग काढणारा कारभारी मात्र मान हलवत होता. "इथं नाही मालक. सिंधूताईनं काय म्हटलं होतं? अख्खं माह्या दारात आना. मी गाडी घेऊन आलो न."

"बायाचं काय ऐकून राह्यला बे!"

"तुमीच तं हाव म्हटलं होतं."

म्हटलं होतं खरं. चारचौघांसमोर बाई पदर पसरून उभी राहिली, तिला नाही कसं म्हणणार? पंजाबरावांनी कंबरेची सुरी चाचपली आणि परत म्यानात सारली. गाडी सोनाळ्याच्या वाटेला लागली. ते एकदा गाडीपुढं चालत, एकदा मागं. विडी पेटवत आणि दोन झुरक्यांत फेकून देत.

गेल्या हिवाळ्यात याच नाल्यात शंकररावाचा जीव गेला होता. सिंधूताईचा नवरा आणि पंजाबरावांचा लंगोटीयार. त्यानं बारा बोअरनं छर्रे मारले, अस्वल नुसतं जखमी झालं आणि त्याच्यावर उलटलं, असं पंजाबरावांनी गावाला सांगितलं, आणि गावानं मान डोलावली. छर्रे घेऊन अस्वलावर जाणारा येडा, असं मेलेल्या माणसाचं नाव पडलं. टवाळ पोरं अजूनही सिंधूताईच्या दारावरून जाताना "छर्रेऽ" म्हणून ओरडत.

बाई होती हट्टी. मूलबाळ नाही, म्हणून राख सावडायलासुद्धा स्वतःच गेली. तेव्हाही गावानं तोंडात बोटं घातली होती. पोळ्याच्या दिवशी तर ती पंजाबरावांच्या ओसरीवर आली आणि म्हणाली, "भाऊ, तुमच्या रायफलीचं एक काडतूस दाखवा बरं मले." त्यांनी दिलं. तिनं गोळीच्या टोकावरून बोट फिरवलं आणि काडतूस परत केलं. बायकांचं कुतूहल, दुसरं काय, असं ते बायकोला म्हणाले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

खरं काय ते त्यांच्या एकट्याच्या पोटात होतं. शंकररावानं बार काढलाच नव्हता. मरणाची थंडी होती, तो बिचारा घोंगडी पांघरून झुडपाच्या पलीकडच्या अंगाला बसला होता. झुडपात काळं हललं आणि पंजाबरावांना दम निघाला नाही. गोळी सुटली. किंकाळी आणि डरकाळी एकदमच उठली. मग झुडपातून अस्वल निघालं ते मागचा पाय ओढत. पंजाबराव धावत जाऊन पाहतात तर शंकरराव ओळखूही येत नव्हता, मानेपासून छातीपर्यंत सगळा फाडलेला. त्यांनी त्याचीच बंदूक हवेत उडवली आणि मग माणसांना हाका मारल्या.

ते लंगडं अस्वल आता गाडीत होतं आणि त्याच्या मागच्या पायात कुठेतरी त्यांची गोळी होती. छर्रा म्हणजे नुसतं शिसं. त्यांच्या तीनशे पंचाहत्तरच्या रायफलीच्या गोळीला वरून तांब्याचं कवच. हा फरक शेंबड्या पोरालाही कळला असता, आणि तसली रायफल अख्ख्या सोनाळ्यात एकच होती.

दारात गाव जमलं होतं. सिंधूताई उंबऱ्यात उभी होती.

"मले त्यातलं शिसं पाह्याचं हाय," ती म्हणाली.

"मीच पाहतो वयनी. कोनी हात लावू नका."

त्यांनी मागच्या पायाला सुरी घातली. गोळी हाताला लागली की मुठीत दाबायची आणि घाम पुसायच्या निमित्तानं खिशात टाकायची, एवढंच मनात होतं. त्यांनी मांडी फाडली, ढुंगण फाडलं, हाडापर्यंत बोटं घातली. पंजात साळिंदराचा मोडका काटा निघाला. जुना, भोवती मांस चढलेला. बाकी काही नाही. मग पाठ पाहिली, बरगड्या पाहिल्या. आजच्या गोळीशिवाय अंगावर एकही जखम नव्हती.

म्हणजे नेम साफ चुकला होता! वर्षभर उगाच जीव जाळला. पंजाबरावांना एकदम हलकं वाटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं.

"काही नाही वयनी," ते मोठ्यानं म्हणाले. "काट्यानं लंगडत होतं. शंकऱ्याचा एक छर्राही लागला नाही. नेमच नव्हता गड्याले, काय करता!"

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं.

सिंधूताई हसली नाही आणि रडलीही नाही. ती उंबरा उतरून त्यांच्यापुढं येऊन बसली. तिनं पदराची गाठ सोडली आणि त्यांच्या रक्ताळलेल्या तळहातावर तांब्याचं एक चेपलेलं, काळवंडलेलं कवच ठेवलं.

"मले वाटलंच भाऊ, अस्वलात काही सापडनार नाही," ती म्हणाली. "हे मले राख सावडताना सापडलं होतं."