पळणारा जावई

ऐक फक्त, मध्ये बोलू नकोस. त्सोसी जीव खाऊन पळतोय आणि मागे त्याची सासू. साठीची बाई. घागरा दोन्ही हातांनी वर धरलाय, केस सुटलेत, वाऱ्यावर ओरडतेय. आणि हा पठ्ठ्या डोक्यावर घोंगडी ओढून, मान खाली घालून, झुडपांतून वाट काढत पुढे. हसू नकोस रे. आजीने सांगितलं तेव्हा मीपण हसलो होतो.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. आपल्या नावाहो लोकांत जावई राहतात तसा तोही सासूच्या वस्तीवर राहायचा. तिचं मातीचं घर, होगन, आणि यांचंही होगन, मध्ये शंभर पावलं. पण दोन वर्षांत त्याने सासूचं तोंड पाहिलं नव्हतं, तिने त्याचं पाहिलं नव्हतं. पाहायचंच नसतं. पाहिलं की दोघांचे डोळे जातात. सासू पाण्याला निघाली की बायको हाक मारणार, "आई येतेय," की हा लगेच भिंतीकडे तोंड करून उभा. बायको चिडवायची.

"आंधळा झालास ना, की मटण म्हणून चामडं वाढेन तुला."

"आत्ता काय वेगळं वाढतेस?"

अशी जोडी. तिच्यासाठी तो स्वतःच्या आईची मेंढरं सोडून दोन दिवसांच्या वाटेवरून इथे आला होता. ती समोर नसली तर त्याला जेवण जात नसे.

पण आदल्या दिवशी घोळ झाला. त्सोसी मेंढरं राखताराखता झाडाखाली झोपला आणि कोल्ह्यांनी सात कोकरं नेली. सासूची कोकरं. संध्याकाळी सासू यांच्या भिंतीला पाठ लावून बाहेर उभी राहिली. बोलत होती लेकीशी, पण याला नीट ऐकू जाईल अशा बेताने.

"तुझ्या नवऱ्याच्या तोंडाकडे एकदा बघणारच आहे मी. मग राहतो कसा इथे, बघू."

सासूने मुद्दाम बघितलं तर जावयाला सामान उचलावंच लागतं. डोळे जातील ते जातील, बायकोही जाते. त्सोसीने ताट बाजूला सारलं. बायको म्हणाली, "रागात बोलते ती. उद्या विसरेल."

आणि दुसऱ्या दिवशी सासू ही अशी पळत आली. भर दुपारी. त्सोसी घोडा धरून आणायला माळावर निघाला होता. मागून आवाज आला. वळणार तेवढ्यात त्याने आवाज ओळखला, घोंगडी झटकन डोक्यावर घेतली आणि थांबला. एरवी ती वाट वाकडी करून निघून जायची. आज सरळ त्याच्याच अंगावर. मग काय, पळाला. डावीकडे वळला तर आवाज डावीकडे. उजवीकडे वळला तर आवाज उजवीकडे. वारा असा सुटलेला की शब्द एक कळेना. आणि सासू कधी जावयाशी बोलते का? तिला जे काही सांगायचं ते बायको येऊन सांगते. ओरडतेय म्हणजे शिव्याच देत असणार. त्याने घोंगडी कानांवरून आणखी आवळली. डोक्यात एकच. हिने आज मला पाहिलं की माझी बायको गेली.

पळतापळता टेकाड चढला. गुडघे फुटले, थांबला नाही. वर पोचला तेव्हा मागचा आवाज बंद झाला होता. वाचलो, असं वाटलं त्याला. खडकावर बसून धापा टाकत हसलासुद्धा. सासू कशी धावत होती त्याची नक्कल बायकोला कशी करून दाखवायची, तेही ठरवून टाकलं.

मग वारा पडला. आणि खालच्या ओढ्यातून पाण्याचा आवाज आला. ओढा सकाळी कोरडा होता. इथे तर लख्ख ऊन होतं. पाऊस तिकडे दूर डोंगरात पडला असणार, आणि ते पाणी आता वाळू, झाडं, दगड घेऊन खाली आलं होतं.

त्सोसीने घोंगडी बाजूला करून वाकून पाहिलं. टेकाडाच्या पायथ्याशी सासू बसली होती. घागरा कमरेपर्यंत चिखलाने भरलेला, दोन्ही तळहात सोललेले. ती मान वर करून थेट त्याच्या तोंडाकडे बघत होती. सवयीने त्याचा हात घोंगडीकडे गेला.

"राहू दे," ती म्हणाली. "मी आता तुझी सासू राहिले नाही."

कोकराच्या मागे लेक ओढ्यात उतरली होती. वरून सुकी दिसणारी वाळू, आत सगळा गाळ. आधी गुडघ्यापर्यंत रुतली, मग कमरेपर्यंत. म्हातारीने ओढ ओढ ओढली, तिला एकटीला जमेना, म्हणून ती याला हाका मारत धावली. तेवढ्यात पाणी आलं. एक तरणा माणूस आणि एक दोर, एवढंच काम होतं. घोड्याचा दोर त्सोसीच्या खांद्यावर होता.

तिचं नाव मी मघापासून घेतलं नाही. गेलेल्या माणसाचं घेत नाहीत, तुला माहीत आहे. आणि त्याच्या डोळ्यांना काही झालं नाही, बरं का. आजी सांगते, अगदी म्हातारा झाला तरी आभाळातली घार त्याला सगळ्यांच्या आधी दिसायची.

तू काय केलं असतंस, सांग. बायको आपल्यापाशी राहावी म्हणूनच पळत असतास, तर थांबला असतास?